तीन चिपा आणि मंडळाचा कान

आमच्या नेरच्या भजनी मंडळात मी ना गातो, ना वाजवतो. तरी माझी जागा पेटीवाल्याच्या शेजारी ठरलेली. तबला लागला की नाही, पेटी नीट बोलते की नाही, हे मी डोळे मिटून ऐकायचं, "लागलं" म्हणायचं आणि मगच बाकीच्यांनी पहिला अभंग उचलायचा, अशी आमच्याकडची रीत. तहसील कचेरीत सगळी नोकरी गेली, तिथे कुणी माझं ऐकलं नाही. इथे मात्र सगळे माझ्यासाठी थांबायचे. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू.

निवृत्तीनंतर मंडळासाठी ॲम्प्लिफायर बनवायचं मी अंगावर घेतलं. दिवाळीच्या फराळाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात ट्रान्सफॉर्मर, आणि माइकचा बारीक आवाज उचलून मोठा करणारी ऑप-ॲम्प नावाची आठ पायांची चिप. ती सॉकेटमध्ये बसवली होती, म्हणजे काढून दुसरी लावता येत होती. मी तीन मागवल्या. एक साधी, रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळणारी. एक मधली. आणि एक महागडी, जिच्याबद्दल इंटरनेटवर लोक अगदी भक्तिभावाने लिहितात.

आठवडाभर एकच भजन आलटूनपालटून ऐकून मी निकाल दिला. साधीचा आवाज कोंदट, मधलीचा बरा, महागडीचा एकदम स्वच्छ. बायको शेजारी तुरीची डाळ निवडत बसली होती.

"कोणती लावली ते दिसून राह्यलं, म्हणून सांगता तुमी," ती म्हणाली. "माह्याकडे पाठ करून बसा. मी बदलते."

मला हसू आलं. आधी वीज बंद करायची, चिपेची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवायची, हे तिला शिकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. ती दर वेळी कागदावर खूण करत गेली. शेवटी कागद पाहिला आणि माझी हवाच निघाली. चिठ्ठ्या टाकून उत्तरं दिली असती तरी याहून वाईट आली नसती. दोनदा तर तिने चिप बदललीच नव्हती, आणि मी "वा, आता कसा मोकळा झाला" म्हणालो होतो.

"मंग तुले तरी कोणता फरक समजला?" मी चिडून विचारलं.

"मले तं सोपं होतं. ते महागाची लावली का बारीक शिट्टी वाजते. तुमाले नाई ऐकू येत?"

मी स्पीकरला कान लावला. काहीच नाही. मग मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. पडद्यावर सगळ्यात वरच्या सुरांच्या टोकाला एक उंच रेघ उभी होती, आणि माझ्या कानाला मात्र ठार शांतता होती. शिट्टीला कारण माझंच होतं. त्या चिपेला वीज स्थिर ठेवणारा कपॅसिटर अगदी खेटून लागतो, तो मी घाईत लांब बसवला होता. ते दुरुस्त करता आलं असतं. पण कानाचं काय? मला भीती वाटली. मंडळाला कळलं तर तिथे बसायचं कोणत्या तोंडाने?

एकादशीच्या दुपारी साधी चिप लावून डबा देवळात नेला. माझ्याहून बराच लहान असलेल्या पेटीवाल्याने सूर धरून पाहिले, तबलजीने थाप दिली, आणि सगळे थांबले.

"काका, लागलं का?"

मी डोळे मिटले. नेहमीसारखं म्हणून टाकता आलं असतं. पण समोर बायकांच्या घोळक्यात माझी बायको बसली होती, आणि तिच्यादेखत मला ते जमेना.

"माह्या कानावर आता जाऊ नका," मी म्हणालो. "वरचे आवाज मले येत नाई. हिले विचारा."

मंडळात कुणा बाईला असं कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "डब्याचा आवाज चांगला हाय. पण पेटीची वरची एक पट्टी चिरकते. दोन वर्सं झाली."

मी पेटीवाल्याकडे वळलो. त्याने मान खाली घातली.

"मलेबी तसंच वाटे," तो म्हणाला. "पण काका, तुमी लागलं म्हणत होते न."