मामंजींचा उंबरा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, उंबऱ्याबाहेर मराठीचा एक शब्द बोलत नसत आणि उंबऱ्याच्या आत तमिळचा. नियम म्हणजे नियम. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या आमच्या दारात कुणाशी बोलत उभे असले आणि मी आतून हाक मारली, तर आधी तमिळ वाक्य पुरं करत, चपला काढत, आत पाऊल टाकत आणि मगच "काय गे?" म्हणत. त्यांची मराठीही अशी, की तीनशे वर्षांपूर्वी कुंभकोणमला आली ती तशीच राहिलेली. मी सांगलीची. पहिला महिनाभर मला घरात कुणी बखर वाचतंय असंच वाटायचं.

तंत्रनिकेतनात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले होते. लग्नानंतर दोन वर्षं मी घरी बसून होते आणि बसून बसून चिडकी झाले होते. तेव्हा चेन्नईच्या एका कंपनीनं घरून करायचं काम दिलं. महिनाभर पारखणार आणि मग कायम करणार. ती नोकरी मला हवीच होती. पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं. सर्व्हरवरच्या फाइली दुरुस्त करायच्या त्या व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरमध्ये. काळा पडदा, माउस नाही, मेनू नाही. शिरले खरी, पण बाहेर कसं पडायचं कळेना. शेवटी लॅपटॉपच बंद केला. मामंजी शेजारी कॉफी, म्हणजे त्यांची कापी, गार करत बसले होते. ते इतके हसले की कापी धोतरावर सांडली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. "यास दोन बाजू," ते म्हणाले. "एका बाजूस अक्षर दाबलें तर अक्षर उमटतें. दुसऱ्या बाजूस तेंच अक्षर हुकूम होतें. आय दाबलें कीं लिहिण्यास आंत, एस्केप दाबलें कीं बाहेर. आपण कोठें आहों तें पाहिल्यावांचून तोंड उघडूं नये."

"म्हणजे तुमच्या उंबऱ्यासारखं," मी म्हटलं.

"मग तुज आणखी काय शिकवावें?" म्हणून त्या दिवशी त्यांनी मला सुटीच देऊन टाकली.

मी गोंधळले की ते दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावत. घाबरलेलीं बोटें अधिक मोडतात, असं त्यांचं म्हणणं. आणि एक वाक्य तर दिवसातून दहादा ऐकवत, "जतन केलें नाहीं तोंवर कांहींच घडलें नाहीं." मला वैताग यायचा.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी चालू सर्व्हरवरची एक मोठी फाइल माझ्याकडे आली. मी भराभर लिहायला लागले आणि ओळीच्या ओळी नाहीशा व्हायला लागल्या. मी लिहीत नव्हतेच, हुकूम सोडत होते.  घरात कुणी नव्हतं. मामंजी दर सोमवारसारखे जवळच्या साक्कोट्टैच्या देवळाबाहेर फुलं घेत होते. फोन लावला. "मामंजी, फाइल गेली. नोकरी गेली माझी."

पलीकडून आलं ते तमिळ. शांत, लांबलचक आणि माझ्या डोक्यावरून जाणारं. माझं तमिळ तेव्हा वांग्यांच्या भावापुढे गेलेलं नव्हतं. मी रडायलाच लागले.

 मग भर रस्त्यात, बसच्या भोंग्यावर आवाज चढवून मामंजी मराठीत म्हणाले, "भिऊं नको. हात काढ. जतन केलेंस?"

"नाही."

"मग कांहींच घडलें नाहीं. एस्केप दाब. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. एंटर. आतां पुनः उघड."

उघडली. ओळ न ओळ जागच्या जागी होती. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तासाभरानं मामंजी आले, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं. "फुलवालीनें पुसलें," ते म्हणाले. "सामी, इतकीं वर्षें फुलें घेतां, ही कोणती भाषा? मीं म्हटलें, घरांतली."

नोकरी कायम झाली. आजही मी तिथेच आहे.

गेल्या पोंगलनंतर मामंजी गेले. तेराव्यानंतरच्या सोमवारी त्यांची फुलं आणायला मी साक्कोट्टैला गेले. आता मला तमिळ चांगलं येतं, पण फुलवालीसमोर उभी राहिले आणि "मी सामींची सून" एवढंच बोलता आलं.  तिनं हातातली माळ खाली ठेवली, माझे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत घेतले आणि तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाली, "भिऊं नको."

त्या दिवशी फोनवर ऐकलेल्या या शब्दांचा अर्थ सामींनीच सांगितला होता, असं तिनं नंतर तमिळमध्ये सांगितलं. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.