गणपतीपुढचा लाल धागा

नाशकातल्या थंडीतली ती दुपार आठवली की अजून धुक्यातूनच आठवते. खरं तर तेव्हा लख्ख ऊन होतं. आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांच्या खोलीत पडदे हळूहळू फुगत होते, चहाची वाफ वर चढत होती, आणि मला वाटत होतं, आपण झोपेत आहोत, कुणीतरी हलवून उठवा रे!

शेजारी माझी रूममेट बसली होती. पेठकडच्या डोंगरातली, घरातली कॉलेजचं तोंड पाहणारी पहिलीच. ती पहाटे उठून अभ्यास करायची आणि मला पांघरुणासकट ओढून काढायची. "ऊठ गं म्हशी, परीक्षा काय तुझा बाप देणार हाय?" ही तिची भूपाळी. त्या दुपारी मात्र ती नुसती टेबलाच्या काचेत बघत होती.

परवाच प्रयोगशाळेमागच्या जिन्यात एका सीनियरने तिला अडवून तिचं तोंड दाबलं होतं. त्याच्या मनगटाला कडकडून चावली तेव्हा सुटली. खोलीवर आली तेव्हा बाही फाटलेली होती. हे तिने मला सांगितलं. बाकी कुणी विचारलंच नाही! तिने बोलायला तोंड उघडलं की सर म्हणायचे, "समजलं, बाळ, समजलं." काय डोंबल समजलं होतं!

तिला पोलिसांत तक्रार द्यायची होती. सरांना तेच नको होतं. कॉलेज म्हणजे एक कुटुंब, घरातलं घरातच मिटवू, हे ते इतक्या मऊ आवाजात सांगत होते की मला खरोखर पेंग यायला लागली. तो मुलगा समोर स्वेटर घालून, मान खाली घालून बसला होता. "गैरसमज झाला," एवढंच पुटपुटत होता.

"आणि ऐकायचंच नसेल," सर म्हणाले, "तर तुझ्या वडिलांना बोलवावं लागेल."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आबा आले की बोचकं बांधून घरी नेणार, शिक्षण संपलं, या एका भीतीने तिने घरी काही कळवलंच नव्हतं.

मग सरांना ती थोर कल्पना सुचली. तिने त्याला राखी बांधायची! बहीणभाऊ झाले की भांडण मिटलं. आता ऐन थंडीत राखी कुठून मिळणार? सरांशेजारी बसलेल्या आमच्या होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी कोपऱ्यातल्या गणपतीपुढचा लाल धागा उचलला, ताटलीत कुंकू ठेवलं, पेढासुद्धा ठेवला. माझं डोकं असं तापलं की वाटलं, द्यावी ती ताटली भिरकावून. पण हात उचलेना, स्वप्नात पाय उचलत नाहीत ना, तसं झालं होतं.

मुलाने हात पुढे केला. डावा.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग एकदम, पहाटे मला उठवायची त्या आवाजात म्हणाली, "राखी उजव्या हाताला बांधत्यात."

"चालतं गं," मॅडम म्हणाल्या.

"नाय चालत. बांधायची तर रीतीनं बांधू. कर उजवा पुढं. बाही वर घे."

तो हलेना. "अरे, कर की बाबा!" सर वैतागले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

बाही वर गेली. मनगटावर दातांची अख्खी ओळ होती, काळीनिळी. मॅडमनी ताटली गुपचूप खाली ठेवली.

"हे माझे दात हायेत, सर," ती म्हणाली. "आता आबांना तुम्ही नका बोलवू. मीच बोलावते."

तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि जिन्यापासून धाग्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये कुणी "समजलं" म्हणालं नाही. पलीकडे डोंगरातला वारा घोंगावत होता.

"तिथंच थांब, बाई. मी येतो," आबा म्हणाले.

"घरी न्यायला?" तिचा आवाज फाटला.

"घरी कशापायी? तुला पोलिसांत जायाचं ना? तुझ्यासंगं येतो."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी तिला घट्ट धरलं आणि एकदाची मला जाग आली.