ताईचं मनगट आणि मस्कतहून आलेला कम्प्युटर

आधी ताईच्या हाताचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझ्या मोठ्या बहिणीचा तळहात आईसारखा रुंद आणि मनगट म्हणजे नुसती काडी. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आमच्या दारात कासारीणबाई बांगड्या भरायला आल्या की ताईचा नंबर आला रे आला, लगेच हसायला लागायच्या. "हिचा हात आत जाईस्तवर घाम फुटतोय, आन् एकदा गेला की कोपरापतोर मोकळं रान!"

तर ही ताई एम.एस्सी. करून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागली. आमची ताई! विहिरीत ट्रॅक्टरची ट्यूब धरून पोहायला शिकलेली! तिथे पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचे होते आणि त्यासाठी डायव्हिंगचं ट्रेनिंग. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने सांगितलं की खाली जाताना मनगटावर एक छोटा कम्प्युटर बांधतात. आपण किती खोल आहोत, अजून किती वेळ थांबता येईल, वर येताना घाई तर होत नाहीये ना, सगळं तो दाखवतो. आमच्या गल्लीत तेव्हा कम्प्युटर म्हणजे टीव्हीएवढा डबा. आई म्हणाली, "आगं, मोडंल की हात!"

सगळे हसले, ताई नाही हसली. संस्थेचे कम्प्युटर धिप्पाड माणसांच्या हाताचे होते. हिच्या हातात ते गरकन फिरून खालच्या बाजूला जायचे. खाली एका हाताने दोरी धरलेली, दुसरा हात उलटा करून आकडे शोधायचे, तोवर बाकीचे पुढे. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "स्वतःचा स्वतःला वाचता आला नाही तर तुम्ही बोटीवर बसायचं. दुसऱ्याच्या आकड्यावर मी कुणाला खाली सोडत नाही." बोटीवर बसणं म्हणजे दुसऱ्यांनी वर आणलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं. एवढं शिकून! मला तर ऐकूनच रडू येत होतं.

मग आठवला आत्याचा मुलगा, आमचा दादा. तो मस्कतला नोकरीला होता आणि लग्नासाठी गावी येणार होता. त्याचा फोन आला की ताईसाठी असा कम्प्युटर आणायला सांग, असा निरोप आम्ही आत्याला दिला. शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथे त्याचा फोन आला. ताई नेमकी श्रीरामपूरला गेलेली. मी आणि आई धावत गेलो.

"जयभीम मामी! हे बघा, दुकानात दोन आहेत. एक मोठा, आकडे ठसठशीत. एक बारका. तिच्या हाताचं माप सांगा, लवकर सांगा, लाईन जाईल!"

माप? दुकानात टेपबिप काही नाही, आणि हातच श्रीरामपूरला! आई रिसीव्हरमध्ये ओरडली, "आडीच! आडीचची बांगडी बसती तिला. डोळं झाकून घे!"

आणि लाईन गेलीच.

आम्ही दोघी घरी आलो ते काय ऐटीत! आपण मापाचा प्रश्न कसा चुटकीसरशी सोडवला, हेच मी ताईला तिखटमीठ लावून सांगितलं. ताईने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, अगं बांगडीचं माप तळहाताचं असतं ना?"

आईचा हात तोंडावर गेला. पण आता परत सांगायचं कसं? दादाचा नंबर आत्याकडेसुद्धा नव्हता, फोन नेहमी तोच करायचा!

दादा आला. बॅग उघडायच्या आधी त्याने खिशातून एक हिरवी बांगडी काढली. या माणसाने मस्कतमध्ये बांगड्यांचं दुकान हुडकून अडीचची बांगडी घेतली होती आणि ती त्या कम्प्युटरच्या दुकानात नेऊन तिच्यावर पट्टा बांधून बघितला होता! "बारका घट्ट होत होता, म्हणून मोठा घेतला. एकदम फिट्ट!" इतका खूश होता की काय सांगू.

ताईने घातला. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. तरी गरकन फिरला आणि खाली गेला. भोकं पाडून उपयोग नव्हता, ती डबीच मनगटापेक्षा रुंद होती, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. दादाचा चेहरा असा उतरला की ताईच त्याला म्हणाली, "अरे दादा, आकडे काय मस्त दिसतात!" खरंच दिसत होते. पण ती आत जाऊन भाकरी करायला बसली तेव्हा तिचं नाक लाल होतं, मी बघितलं ना.

कम्प्युटर तिने हातातून काढला नव्हता. पीठ मळताना तो सारखा परातीवर आपटत होता. आई खेकसली, "आगं ते मागं सार की! माझं पीठ खराब करती का?"

आता आमच्याकडे भाकरीला बसलं की बांगड्या मागे सारायच्याच, कोपराच्या खाली, हात जिथे भरलेला असतो तिथे. त्या तिथे घट्ट बसतात. ताईने सवयीने तसाच तो मागे ढकलला आणि भाकरी थापायला लागली. एक झाली, दुसरी झाली. तिसरीच्या वेळी ती थांबली. हात हलवला. झटकला. उलटा केला.

"दादाऽऽ! फिरत नाहीये!"

तव्यावरची भाकरी जळाली, आईने दोघांना शिव्या घातल्या, पण कोण ऐकतंय! ताई म्हणाली, तिथे रबरी सूट असतो, बाही जाड असते, बघायला पाहिजे. म्हणून बाबांचा फुल बाह्यांचा स्वेटर घालून, त्यावर कम्प्युटर बांधून ती विहिरीत उतरली. काठावर निम्मी गल्ली. एक आजोबा विचारत होते, "पोरीला थंडी वाजती का काय?" ताईने बुडी मारली. पाण्यावर नुसते बुडबुडे. मी श्वास धरून उभी. ती वर आली आणि ओरडली, "तीन मीटर! हात वळवावा पण नाही लागला!"

दादा टाळ्या वाजवत होता, हातात ती हिरवी बांगडी अजून तशीच.

ताई परत गेली. पुढचे दिवस मी दुकानातला फोन वाजला की शाळेचा अभ्यास टाकून पळायचे. एकदाचा तिचा आला. सरांनी म्हणे हाताकडे बघून विचारलं, "हे काय, इतकं वर?" ही म्हणाली, "आमच्याकडे भाकरी करताना असंच घालतात." त्यांनी तिला तीनदा हात फिरवायला लावला, आकडे वाचायला लावले आणि सोडलं. खाली! सगळ्यांबरोबर! आणि बारीक मनगटाची अजून एक मुलगी होती, तिनेही आपला वर सरकवला.

मी उड्या मारत आईला रिसीव्हर दिला. आईने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, "आन् काढताना निघतंय ना गं नीट? का साबन लावाया लागतोय?"