जहाज बुडाल्याची नोंद

ती घटना आजही आठवते. विसरावी म्हटलं तरी आमचे जुने जमादार भेटले की कडक सलाम ठोकून ‘कॅप्टनसाहेब’ अशी हाक मारतात.

मी पालम ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक मावशी धापा टाकत पायऱ्या चढून आल्या. "साहेब, माझ्या लेकाचं जहाज बुडालं हो!"

लेक मालवाहू जहाजावर नव्यानंच कामाला लागलेला. मुलगी-जावई त्याला निरोप द्यायला मुंबईला गेले होते. मुलीनं पाठवलेला आवाजी निरोप मावशींच्या मोबाइलवर होता: "आई, दादाचं जहाज बुडालं. आमी डोळ्यानं बघितलं. आता निघायलाव." सोबत व्हिडिओ. त्यानंतर तिचा फोन बंद.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. आधी जहाजाचं पोट पाण्याखाली गेलं, मग वरच्या खोल्या, शेवटी डोलकाठी. आणखी काय पुरावा हवा? समुद्र मी जन्मात एकदाच पाहिलेला, तोही एसटीच्या खिडकीतून. तरी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि परभणीच्या नियंत्रण कक्षाला वायरलेसवर कळवलं, "जहाज बुडाले आहे."

पलीकडून विचारणा झाली, "कुठं? गोदावरीत?"

मावशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "दिवस बुडायच्या आत काहीतरी पत्ता लावा, साहेब."

जमादारांचं पेन थांबलं. "साहेब, दिवस तर रोजच बुडायलाय. आपण कधी पंचनामा केलाय का?"

मी डोळे वटारले. तेवढ्यात मुलीचा फोन लागला. रेल्वेत चार्जिंग संपलं होतं म्हणे. मी ठेवणीतला आवाज काढला.

"जहाज बुडताना तुम्ही काय केलं?"

"टाटा केला, साहेब."

"बुडणाऱ्या भावाला टाटा?"

"दिसंना झालं म्हणून तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर गेलाव. तिथनं परत दिसायलं की."

"म्हणजे बुडालेलं जहाज वर आलं?"

"जहाज न्हाई ओ, आमी वर गेलाव!"

मावशींना हे पटेना. शेवटी जमादारांनी ठाण्यातला रिकामा माठ आडवा केला आणि त्याच्या पोटावरून काडेपेटी पलीकडे सरकवत नेली. मावशी वाकून बघत होत्या. काडेपेटी बुडापासून दिसेनाशी झाली. "आता उभ्या राहा." मावशी उठल्या आणि तोंडावरचा पदर पहिल्यांदा खाली आला. "दिसायलीय! हाय माझं लेकरू!"

मी नियंत्रण कक्षाला दुसरा संदेश दिला. तिकडचं हसू वायरलेसवरही ऐकू आलं.

पुढे एका गणिताच्या गुरुजींनी समजावलं, की पृथ्वी गोल असल्यानं वाळूत उभ्या माणसाचा समुद्र जेमतेम पाच किलोमीटरवर संपतो, आणि दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट उंच चढावं लागतं. तेव्हापासून मी साक्षीदाराला काय पाहिलं हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, कुठं उभं राहून पाहिलं?

काही महिन्यांनी मी खुर्चीत बसलो होतो. दारातून बाहेर पाहतो तर पायऱ्यांवर आधी एक टोपी दिसली, मग उन्हानं रापलेला चेहरा, मग खांदे, सगळ्यांत शेवटी बूट. त्याच्या मागून मावशींचा आवाज आला.

"साहेब, काढा तुमची डायरी. घ्या लिहून, उगवला माझा लेक!"