घासून आणलेला कुकर

तक्रार घेऊन येणाऱ्यावर मी आधी संशय घेतो. ग्राहकांसाठी भांडणाऱ्या माणसाला हे कबूल करताना लाज वाटते, पण तसं आहे.

जे. पी. नगरमधल्या आमच्या घरी एका संध्याकाळी निपाणीकडची एक बाई कुकर घेऊन आली. लोकांकडे स्वयंपाक करणारी. घरी डाळ शिजताना झाकण उडालं होतं; उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. कामं सुटत चालली होती, आणि कंपनीचा माणूस म्हणत होता, चूक तुमचीच.

मी कुकर पाहिला आणि थबकलो. लख्ख. शिट्टीखालच्या भोकात डाळीचा कणसुद्धा नाही.

"हा कुणी घासला?"

"मीच की अण्णा. डाव्या हातानं."

"का पण?"

"का म्हंजे? खरकटं भांडं घेऊन कुणाच्या दारात जायचं?"

भोक तुंबलं असणार, तेच लपवलंय, मी ठरवून टाकलं. कुकरमध्ये चार लाडूही होते.

"मी तक्रारदाराकडून काही घेत नाही."

"रिकामं भांडं कसं आणू? लाडू हायत ओ, लाच न्हवं." ती हसली. मी हसलो नाही. लाडू परत दिले, कुकर ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी न कळवता तिच्या वस्तीत गेलो. आधी शेजारणीला गाठलं. ही बाई कुकर फार भरते का, नीट धुते का, खोदून खोदून विचारलं. शेजारणीनं आवाज खाली आणला. "काय केलं हिनं, सर? चोरी?"

ती बाई आपल्या दारातच उभी होती. सगळं ऐकलेलं. तिनं मला आत घेतलं. छताला डाळ वाळून चिकटली होती. तिथवर तिचा हात पोचला नव्हता. वर बघताना मला झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवला. भोक तुंबलं तरी झाकण उडण्याआधी तो फुटायला हवा. तो तर शाबूत होता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात उभी हयात माल तपासण्यात गेलेल्या मला हे काल माझ्याच टेबलावर दिसलं नव्हतं.

"दोष कुकरचाच आहे," मी म्हणालो. "उद्याच तक्रार दाखल करतो."

"सरी," कानडीत 'बरं' म्हणतात तसं ती म्हणाली.

शेजारीण अजून दाराशी रेंगाळत होती. ती चार घरांत जाणार, चोरीचं बोलणार, हे मला कळत होतं. तरी मी छताकडेच बघत राहिलो. शेवटी ती बाईच शेजारणीला म्हणाली, "चोरी न्हाई गं. हे माझ्या बाजूचे हायत."

माझ्याकडे न बघता.