दोन बोटं उंच

मिस्त्रीच्या हाताला तोड नाही, असं मिस्त्री स्वतःच सांगायचा. लोक मान डोलवायचे, कारण ते खरं होतं. त्यानं केलेल्या कपाटाचं दार वर्षानुवर्षं करकरत नसे. पण त्याला एक खोड होती. जिथं नजर पोचत नाही तिथं तो पॉलिशचा बोळा फिरवत नसे. टेबलाची खालची बाजू, कपाटाची पाठ, खुर्चीच्या पायांची आतली अंगं, सगळं कोरं. एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकानं बोट ठेवलंच, तर म्हणायचा, "खालून कोण बघतंय?"

संसारही त्यानं असाच केला. चारचौघांत बायकोला 'आमच्या बाईसाहेब' म्हणायचा आणि घरात पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं भरून घ्यायचा नाही. जेवण गरम नसेल तर ताट सरकवून उठायचा. बाई अंगानं उंच, लांब पायांची. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं त्याला खोक्यावर उभं केलं होतं आणि खोकं दिसू नये म्हणून फोटो खालून कापला होता. त्या खोक्याचा राग तो जन्मभर तिच्यावर काढत आला. तिनं कधी तोंड उघडलं नाही. मुलीचं लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेल्यावर तर घरात बोलायला कुणी उरलंच नाही.

दोघांनी सत्तरी ओलांडल्यावर दवाखान्यातली सिस्टर वर्षातून एकदा घरी यायला लागली. रक्तदाब बघायची, वजन घ्यायची आणि मग एक गंमत करून घ्यायची. बैठकीच्या खोलीतली मिस्त्रीच्याच हातची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी करून तिच्यावर बसायला लावायची आणि म्हणायची, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. हातात घड्याळ.

मिस्त्री पाचही वेळा उठला आणि वर मिशीला ताव देऊन बसला. बाई तिसऱ्या वेळी अडकली. पुढं झुकली, मागं झाली, पुन्हा झुकली. पाचवं उठणं संपेपर्यंत मिस्त्रीचा चहा निवला.

"चालतात बऱ्या," सिस्टर म्हणाली. "आज दुखत-खुपत काही नाही. पण खुर्चीतून उठायला असा वेळ लागतो ना, तेव्हा पाय आतून खचायला लागलेले असतात. आत्ता लक्ष दिलं नाही, तर दोन-चार वर्षांनी अंघोळीलाही माणूस लागेल."

"मग गोळी द्या," मिस्त्री म्हणाला.

"गोळी नाही. व्यायाम. तुमच्या मुलीच्या गावात केंद्र आहे, सहा महिने रोज करून घेतात. मी तीन महिन्यांनी पुन्हा बघते. तेव्हाही असंच असेल, तर चिठ्ठी देते. चिठ्ठीशिवाय तिथं घेत नाहीत."

मुलगी फोनवर आनंदानं नाचायचीच बाकी होती. आईसाठी खोली रिकामी करते म्हणाली. आणि बाईनं, जिनं आयुष्यात स्वतःहून काही मागितलं नव्हतं, त्याच संध्याकाळी पलंगाखालची बॅग काढून पुसली. तिसऱ्या दिवशी त्यात दोन लुगडी गेली. मग चष्म्याचं घर गेलं. मिस्त्री बघत होता. ती भांडी घासताना चक्क गुणगुणत होती.

"सहा महिने इथं कोण बघणार?" त्यानं एकदा विचारलं.

"डबा लावा की," ती म्हणाली.

डबा! त्या शब्दानं मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं गरम ताटाखेरीज त्याच्यापुढं काही ठेवलं नाही, तिनं त्याला डब्याच्या हवाली करावं आणि वर गाणी म्हणावीत. पायांचं त्याला काही वाटलं नाही. घरात चालते-फिरते, रांधते, धुते, आणखी काय हवं? ती गेली तर आपले हाल कुत्रा खाणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

सिस्टर येण्याच्या आदल्या आठवड्यात बाई दोन दिवस बहिणीकडं गेली. मिस्त्रीनं खुर्ची उलटी केली आणि चारही पायांना खालून दोन-दोन बोटांचे तुकडे जोडले. रंधा असा मारला की जोडावरून नख फिरवलं तरी अडकू नये. चहाच्या पाण्यात बोळा भिजवून रंग जुना केला, वर पॉलिश दिलं. बाहेरच्या अंगाला. आतली अंगं नेहमीसारखी कोरी ठेवली आणि स्वतःच्या कामावर खूष होऊन खुर्ची भिंतीला लावली.

"मागच्या वेळचीच खुर्ची ना?" सिस्टरनं विचारलं. "तीच हवी, नाहीतर ताळा जुळत नाही."

"या घरात दुसरी खुर्ची नाही," मिस्त्री म्हणाला. हे अगदी खरं होतं.

बैठक उंच झाली की उठणं सोपं; लांब पायांच्या बाईला दोन बोटं म्हणजे पुष्कळ झाली. ती पाचही वेळा उठली. शेवटच्या वेळी तर उभीच राहिली आणि नवलानं स्वतःच्या गुडघ्यांकडं बघायला लागली. तीन महिने ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून गुपचूप उठाबशा काढत होती. तिला वाटलं, त्याचंच फळ. सिस्टर हसली. "काय जादू केलीत? तुम्हाला चिठ्ठीची गरजच नाही."

"छान झालं की," बाई म्हणाली.

मुलीला तिनं फोनवर तसंच सांगितलं. मुलगी म्हणाली, तशीच ये ना राहायला. "धडधाकट बाईनं घर सोडून सहा महिने काय म्हणून यायचं?" बाई म्हणाली. "यांचं कोण बघेल?" रात्रीच्या जेवणाआधी तिनं बॅगेतली लुगडी पुन्हा कपाटात लावली. पाय चांगले निघाले म्हणून तिनं ओट्याजवळच्या उठाबशाही सोडल्या. मिस्त्रीला त्या रात्री जेवण फार गोड लागलं.

खुर्ची त्यालाच इतकी मानवली की त्यानं पलंगाचे पायही तसेच उंच केले. दुकान तर कधीच बंद झालं होतं. सकाळी पलंगावरून घसरावं, खुर्चीत टेकावं, ताट हातात यावं. बाई वर्षभर त्याच्या पुढ्यात उभी राहून वाढत राहिली. हळूहळू तिला ओट्याशी उभं राहायला भिंत लागायला लागली. मिस्त्री म्हणायचा, "ढोंग करू नकोस. सिस्टरनं पास केलंय तुला."

एका दुपारी तो मित्राच्या टपरीवर गप्पा हाणत असताना बाईच्या हातून औषधाची गोळी निसटून खुर्चीखाली गेली. ती घ्यायला ती गुडघ्यांवर बसली आणि तिथंच अडकली. उठायला खुर्चीचा आधार घेतला. उंच केलेली खुर्ची कलंडली, बाई तिच्यासकट आडवी झाली आणि कमरेचं हाड काडकन मोडलं. मिस्त्री दिवेलागणीला परतला. तोवर ती तशीच पडून होती. खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर उलटी पडलेली, चारही पाय तिच्याकडं. पायांच्या आतल्या अंगाला वरचं लाकूड जुनं, काळपट. खालची दोन बोटं गोरीपान. दुपारभर दुसरं बघायला काहीच नव्हतं.

मिस्त्रीनं खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि मग तिच्याकडं वळला. ती कण्हत खुर्चीच्या पायांकडं बघत होती.

शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा पायांवर उभी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच पायांत काही उरलं नव्हतं. मग मिस्त्रीचे खरेच हाल झाले. डबा लागला. कूस बदलायची, भांडं द्यायचं, भांडं उचलायचं. तो दातओठ खायचा, तिला ऐकू जाईल असं नशिबाला शिव्या घालायचा. ती छताकडं बघत ऐकायची. त्याला एक समाधान तेवढं होतं. आता ती त्याच्याहून उंच नव्हती.

सिस्टर पुन्हा आली तेव्हा बाईच्या पलंगाजवळ बसली. "माझं काहीतरी चुकलं," म्हणाली. "असं व्हायला नको होतं." मग नाक पुसून मिस्त्रीकडं वळली. "मागल्या खेपेला तुमचं राहून गेलं. चला, तुमची पाळी."

मिस्त्री रुबाबात खुर्चीकडं निघाला.

"सिस्टर," पलंगावरून आवाज आला. "ती खुर्ची नको. ती दोन बोटं उंच आहे. स्वयंपाकघरातलं स्टूल घ्या, खुर्ची आधी होती तेवढंच आहे ते."

मग सिस्टरनं खाली वाकून खुर्चीच्या पायांची आतली बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. उठली, आत गेली आणि स्टूल आणून भिंतीला टेकवलं.

"बसा," ती म्हणाली. मागची गोडी आवाजात नव्हती.

"खालून कोण बघतंय, असं म्हणायचात ना तुम्ही," बाई म्हणाली.

मिस्त्री बसला. हात छातीवर घेतले. पहिल्यांदा कसाबसा उठला. दुसऱ्यांदा पुढं झुकला, मागं झाला, पुन्हा झुकला. वर्षभर उंचावर बसलेल्या मांड्या थरथरल्या आणि तिथंच राहिल्या. सवयीनं त्यानं बायकोच्या दिशेनं हात पुढं केला.

"हात नाही, मिस्त्री," सिस्टर म्हणाली. घड्याळ बंद करून तिनं पिशवीत टाकलं. "दोन-चार वर्षं. मागं सांगितलं होतं तेच. तुम्हाला माणूस लागेल."

"ही आहे की," तो म्हणून गेला.

"मुलगी रविवारी येतेय," बाई म्हणाली. "गाडी घेऊन. मला उचलून न्यायला दोन माणसंही आणतेय म्हणाली. मी परत येणार नाही."

मिस्त्री स्टुलावरूनच तिच्याकडं बघत राहिला. त्याला उठता येत नव्हतं, आणि सिस्टरनं हात दिला नाही.

"आणि तेव्हा जाऊ दिलं असतंत ना," बाई छताकडं बघत म्हणाली, "तर मी सहा महिन्यांत चालत परत आले असते."