पाचवी बाटली

मी तो कप धुतला. कानासकट, आत बोट फिरवून नीट धुतला आणि ओट्याच्या कडेला उपडा ठेवला. निथळायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या एवढ्या जाड प्रबंधात हे कुठंच नाही.

गाव पलूसच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची गावं उगाच पवित्र ठरतील.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मेढ्याकडच्या डोंगरात सरकारी दवाखान्यात थोडी नोकरी करून मी एम.डी.ला बसलो होतो. विषय रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक. म्हणजे सार्वजनिक आरोग्य. रोग झाल्यावर सुई टोचायची नाही, होण्याआधीच त्याचं मूळ शोधायचं. पाणी, संडास, गटारं, माश्या. आमचे वडील पलटणीतनं पेन्शनीत आलेले. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे घाणीतनं तुला वर काडला, आन् तू डिगरी घ्याया परत घाणीतच निगालास व्हय?"

माझ्या प्रबंधाचा विषय होता गावोगावच्या विहिरी आणि हगवण. प्रत्येक विहिरीतनं पाण्याचा नमुना घ्यायचा. त्यासाठी उकळून निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या, दोरी, बर्फाची पेटी. शिवाय एक बाटली जास्तीची, चुकून फुटली तर.

गावात गेलं की पहिल्यांदा पाटलाचा ओटा गाठायचा, ही आमची कामाची रीत. पुस्तकात त्याला 'स्थानिक नेतृत्वाचे सहकार्य' म्हणतात. पुस्तक लिहिणाऱ्याला ओट्यावर बसवत असणार.

मी भर वैशाखात टाय लावून गेलो होतो. गळ्यात स्टेथोस्कोप. विहिरीची छाती तपासायची होती जणू. पाटलानं आडनाव विचारलंच नाही. टेरीकॉटची पँट, टाय, स्टेथोस्कोप. एवढ्या सामानात म्हाराची जात कुठं मावणार, असं त्याला वाटलं असावं. मीही सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. गादीवर बैठक, कानाचा कप, बशी, चहावर साय. बशीत ओतून फुर्रकन ओढला, अगदी घरच्यासारखा.

"इहिरी चार," पाटील म्हणाला. "लिवा डॉक्टर. देवळाची, चावडीम्होरची, तालमीमागची, आन् आमची मळ्यातली."

मी लिहिलं. चार. माझं हस्ताक्षर फार सुंदर आहे.

माझा जन्म कुठल्या विहिरीच्या पाण्यावर झाला, हे मला माहीत नव्हतं? चार विहिरींच्या गावात पाचवी असतेच, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पण गादी मऊ होती.

तेवढ्यात एक म्हातारी अंगणात येऊन उभी राहिली. पायरीपासून लांब. सारजाबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं.

"डागदरसायेब, आमच्या इहिरीचं बी पाणी बगा की. म्हारवाड्यात घरटी हगवण लागलीया. माजी नात तीन दिस झालं आडवी हाय."

पाटील माझ्याकडं बघून हसला. "ती इहीर गावात धरत न्हाईत, डॉक्टर. डबकं हाय त्ये."

आता मी काय बोलावं? मी, आमच्या म्हारवाड्यातला पहिला डॉक्टर. मी म्हणालो, "बाटल्या चारच आणल्यात, मावशी. संपल्या."

पेटीत पाच होत्या.

माझा आवाज ऐकून म्हातारीनं मान वर केली. डोळ्यांवर हात धरून बघितलं. आणि तिचं तोंड उजळलं.

"आगं बया! तू चंद्राचा न्हवं? तोंड आईचंच हाय! माज्या म्हायेरची तुजी आई! आमच्या आळीतली! तुज्या पाचवीला म्या हुती रं!"

पाटलानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं कपाकडं बघितलं. मग बशीकडं. मग गादीकडं. सगळं सामान मोजून झालं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तेवढा कप इसळून ठेवा. पानी वरनं घालतील."

अहोजाहो सुटलं नाही हं. माणूस सभ्य. आतनं एक गडी तांब्या घेऊन आला आणि हात उंच करून धार धरली. मी खाली वाकलो. टाय कपात जायला लागला, तो मी एका हातानं छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं कप धुतला. हात कसे धुवावेत, यावर आदल्याच महिन्यात मी एका शाळेत भाषण दिलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सारजाबाई तिथंच उभी. सगळं बघत.

पेटी उचलली आणि तिच्या मागनं चालायला लागलो. दुसरं करणार काय? विहीर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. गावाचं गटार वरनं येऊन त्याच ओढ्यात पडत होतं. विहिरीला कठडा नाही. बाकीच्या चार विहिरींत दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर पडायची, ग्रामपंचायतीच्या यादीप्रमाणं. यादीत नसलेल्या विहिरीत पावडर कोण टाकणार?

मी पेटीतनं बाटली काढली, दोरी बांधली, खाली सोडली.

"सपल्या व्हत्या न्हवं?" सारजाबाई म्हणाली.

"एक सापडली."

"हं," म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यातनं सलाईन आणून तिच्या नातीला लावलं, झोपडीच्या मेढीला बाटली टांगून. पोरगी वाचली. माझी त्यात काही शेखी नाही, ते कुठल्याही कंपाउंडरला आलं असतं.

पाचही बाटल्यांतल्या पाण्याचा निकाल आला. चार विहिरी स्वच्छ. पाचवीत जे निघालं, ते जेवताना सांगण्यासारखं नाही. मी प्रबंधात लिहिलं: विहिरी पाच. चारांत पावडर पडते, पाचवीत पडत नाही, कारण ती महारवाड्याची आहे. हगवण तिथंच आहे.

आमचे गाइड फार मोठे गृहस्थ. परदेशी जाऊन आलेले. दोन पावलं जाऊन कधी विहिरीत डोकावलेले नसतील, पण पाण्यावर व्याख्यान असं द्यायचे की ऐकणाऱ्याला तहान लागावी. त्यांनी चार विद्यार्थ्यांसमोर माझी पानं उघडली आणि पेन्सिलनं पाचवी विहीर खोडली.

"निष्कर्ष असा लिहा," ते म्हणाले. "गावाचे पाणी पिण्यायोग्य आहे. रोगाचे कारण, रुग्णांच्या अस्वच्छ वैयक्तिक सवयी."

"सर, पण पाचवी विहीर—"

"सीट तुम्हाला सवलतीत मिळाली. आता विहिरीलाही राखीव जागा हवी का?"

सगळे हसले. मीही हसलो. हो, मीही. दात दाखवून. सर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, हे अंगात इतकं मुरलेलं की तोंड आधी हसलं आणि मग मला कळलं, कुणाला हसतोय ते. माझ्या आईला. सारजाबाईला. सलाईनच्या त्या पोरीला. आम्ही गटाराच्या खाली राहायचं, गावानं वर हगायचं, आणि घाणेरड्या सवयी आमच्या. हे असं छापायचं. खाली सही माझी. आमच्याबद्दल, आमच्यातल्याच माणसाच्या हातनं. गाइडला असा विद्यार्थी शोधून सापडला नसता.

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मी म्हणालो, "सर, विहिरी पाच आहेत."

"जातीचा विषय आपला नाही. आपण जंतू बघतो."

"विषयाच्या नावात 'सामाजिक' लिहिलंय, सर."

"मग माझी सही मिळणार नाही," ते म्हणाले. शांतपणे. चष्मा पुसत. "सहीशिवाय प्रबंध जात नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तीन वर्षं, एवढ्या गावांची पायपीट, वडिलांनी आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेली एम.डी. सगळं त्या पेन्सिलीच्या टोकाला लोंबकळत होतं. मी टेबलावरचं रबर उचललं. त्यांच्यासमोर ती पेन्सिलची रेघ पुसली. पानं गोळा केली आणि बाहेर आलो. आता हेही सांगून टाकतो. जिन्यात एक पायरी चुकली आणि पानं सगळीकडं उडाली. चारही विद्यार्थी वरनं बघत होते. एकही खाली आला नाही. मी रांगत रांगत गोळा केली, क्रमानं लावली.

दुसरा गाइड शोधीन. नाही मिळाला तर तिसरा. कुणीच नाही मिळाला तर एम.डी. राहिली. पण माझ्या हातनं विहिरी चार लिहून होणार नाहीत. एकदा लिहिल्या. पुरे.

हे सगळं सांगायला मी पुन्हा त्या गावी गेलो. या खेपेला ओटा टाळून, थेट खालच्या अंगाला. सारजाबाईनं चहा केला. नात दारात बसून कोंबड्या हाकत होती. मी रंगवून सांगितलं. गाइडचा चष्मा, माझं उत्तर, रबर. जिना मात्र गाळला. म्हातारी पाठीवर हात फिरवील, डोळ्याला पदर लावील, अशी माझी अटकळ.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाली, "आन् कप धुतलास, त्ये लिवलंस का त्यात?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग लिवलंस काय, कप्पाळ?"